शहामृगाचं तिसरं अंडं

१

सर पडले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

संग्रहालयाच्या वर्धापनदिनाला अंड्यांच्या दालनात दरवर्षी एकच खेळ व्हायचा आणि तो बघायला लोक पार जिन्यापर्यंत उभे असायचे. शहामृगाची तीन रिकामी अंडी लाकडी वाट्यांमध्ये उभी करायची, त्यांच्यावर जाड फळी ठेवायची आणि फळीवर चांगला जिवंत माणूस चढवायचा. अंडी फुटायची नाहीत. माणूस वर उभा राहून हात हलवायचा आणि दालन सांभाळणारी बाई खालून समजावून सांगायची, की कवच म्हणजे एक कमानच असते, वरून आलेलं वजन ती चहूबाजूंना वाटून टाकते. या बाईला सगळे अंडेबाई म्हणत. पहिल्यांदा कुणीतरी चेष्टेनं म्हटलं असेल, पण आता दारावरच्या पाटीवर तेवढं लिहायचं राहिलं होतं.

फळीवर चढण्याचा मान अंडेबाईच्या सासूबाईंचा. सत्तरी उलटलेली काटकुळी बाई, पण जीभ धारदार. "सुनेनं मला अंड्यांवर उभं केलं, आता आणखी काय बघायचं राहिलं?" असं त्या वर चढून म्हणायच्या आणि हशा पिकायचा. यंदाही त्या चपला काढून पुढे आल्या, तेवढ्यात सर मध्ये आले. सर म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख. शिपायापासून समितीपर्यंत सगळेच त्यांना नुसतं 'सर' म्हणायचे.

"आजी, यंदा माझा नंबर," ते म्हणाले. "निवृत्त व्हायच्या आधी एकदा तरी चढू द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर तसे वजनदार गृहस्थ, दोन्ही अर्थांनी. पण अंडेबाईला काळजी वाटली नाही. या अंड्यांनी त्यांच्याहून जड माणसं हसत हसत पेलली होती. सर चढले, वळले, हात वर केला, आणि खिडकीकडचं तिसरं अंडं कडकन फुटलं. फळी कलली, सर त्या बाजूला कोसळले आणि पाय धरून कळवळायला लागले.

घोट्याचं हाड मोडलं होतं. स्ट्रेचरवर घालून नेताना त्यांनी दारात सगळ्यांना थांबवलं आणि मोठ्यानं सांगितलं, "हिला कुणी एक शब्द बोलायचा नाही. माझ्या लेकीसारखी आहे ती. थकली असेल बिचारी. झाली असेल नजरचूक."

तोवर यात कुणाचा दोष असेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आता सगळ्यांनी एकदम अंडेबाईकडे पाहिलं.

२

समितीचे कार्यवाह सरळ माणूस होते, पण सरळ माणसंही कधीकधी फार छळतात. त्यांनी दुसऱ्याच दिवशी अंडेबाईला बोलावून घेतलं.

"अंडी तपासली होती?"

"तपासली होती. दरवर्षी तपासते. सकाळी एकेकाच्या भोकातून छोटा दिवा आत सोडला, दालनात अंधार केला. कवच उजळलं. केसाएवढी भेग असती तरी दिसली असती."

"मग फुटलं कसं?"

"फुटायला नको होतं," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिच्या लक्षात आलं की हे उत्तर होत नाही.

कार्यवाहांनी मान हलवली. सोमवारी समितीची बैठक होती. तोवर समाधानकारक खुलासा आला नाही, तर अंड्यांचं दालन बंद होणार आणि अंडेबाईची रवानगी तळघरातल्या गोदामात होणार. "सर तुमची फार बाजू घेतायत हो," ते निघताना म्हणाले. "नाहीतर विषय याहून पुढे गेला असता."

अंडेबाईला गहिवरून आलं. सरांनीच तिला इथं आणलं होतं. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, चारचौघांत तोंड उघडायला घाबरणारी मुलगी होती ती. अंडं हातात कसं धरायचं इथपासून सरांनी शिकवलं. अंड्यांचा अभ्यास, असले विषय लोकांना हसण्यावारी वाटतात, पण हमिंगबर्डचं वाटाण्याएवढं अंडं आणि शहामृगाचं नारळाएवढं अंडं एकाच यंत्राखाली ठेवून कोण किती सोसतं हे मोजायचं, हे काम सरांनी उभं केलं होतं आणि गेली कित्येक वर्षं ती ते पुढे नेत होती. वडील लहानपणीच गेलेल्या मुलीला आयुष्यात एक सर मिळाले, की तिला दुसरं काही लागत नाही. काल त्या माणसाचं हाड मोडलं आणि तेही तिच्या अंड्यावरून पडून! तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

दालनाला आतून कुलूप लावून ती तुकडे गोळा करायला बसली. वाटीतली वाळू सगळीकडे चिकटली होती. तिनं घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि एकेक तुकडा धुवायला लागली. तळहाताएवढ्या एका तुकड्यावरून बोट फिरवताना बोटाला काहीतरी मऊ लागलं, आणि कवचाच्या बाहेरच्या अंगाचा एक पांढरट पापुद्रा सुटून पाण्यावर तरंगायला लागला.

तिनं तो उचलला. मेण होतं. मेणात बारीक पांढरी पूड कालवलेली होती.

पापुद्र्याखाली, कवचाच्या बाहेरच्या बाजूला, रुपयाएवढा खळगा होता. तिनं तुकडा उलटा केला. आतल्या बाजूला, नेमकी त्याच जागी, नुसता डाळीएवढा ठिपका होता आणि त्यातून भेगा चांदणीसारख्या फाकल्या होत्या.

खिडकीच्या काचेला खडा लागला, की लागला त्या बाजूला बारीक खूण पडते आणि पलीकडच्या बाजूचा मोठा टवका उडतो. कवचाचंही तसंच. टवका बाहेरच्या बाजूला उडाला होता, म्हणजे घाव आतून बसला होता. करंगळी जाईल एवढ्या त्या भोकातून कुणीतरी वाकडी सळई आत घालून ठोका दिला होता आणि बाहेरची जखम मेणानं लिंपून टाकली होती. शहामृगाचं कवच बाहेरून आलेलं ओझं कितीही झेलतं, पण पिल्लाला बाहेर पडता यावं म्हणून आतून ते दुबळंच असतं. हे इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं, कारण ती स्वतःच दरवर्षी ओरडून सांगायची.

सरांच्या वजनानं अंडं फुटलं नव्हतं. सर चढायच्या आधीच कुणीतरी ते मोडून ठेवलं होतं.

३

पहिला संशय कासवभाऊंवर गेला आणि तो कुणाचाही गेला असता.

कासवभाऊ शेजारच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दालनाचे. त्यांच्याकडे कासवाची, सापाची, सुसरीची अंडी होती, आणि लोक ती बघून "शी!" करून अंडेबाईच्या दालनात घुसायचे. वर्षानुवर्षं ही शी ऐकून माणसाचं काय होईल? अंडेबाईच्या खेळाला ते उघडपणे 'सर्कस' म्हणत.

ती तुकडा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. ते टेबलाशी कासवाचं अंडं दोन बोटांत धरून हलकेच दाबत बसले होते. कवचाला खळगा पडायचा, सोडलं की परत वर यायचा.

"या बाई," ते म्हणाले. "मीच फोडलं का, हेच विचारायला आलात ना?"

"तुम्ही फोडलंत का?"

"मी नाही. पण बसा." त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला. त्यांच्या चेहऱ्यावरचा तिरकसपणा उतरत गेला. "अरे बापरे. हे आतून मारलंय."

"हो."

"बाई, मी आयुष्यभर मऊ अंड्यांत राहिलेला माणूस. कासवीण वाळूच्या खड्ड्यावर बसून उंचावरून धडाधड अंडी टाकते. एक फुटत नाही, फक्त चेपतात. ही अंडी ठोकून फुटतच नाहीत, फाडावी लागतात. मला तुमचं अंडं बिघडवायचं असतं, तर मी ते रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवलं असतं. कवच पातळ करून टाकायचं, आमच्या डोक्यात हेच येतं. हा एका जागी नेमका ठोका देणं, हे कडक कवचवाल्याचं काम आहे."

अंडेबाईनं रुमालात गुंडाळलेला पापुद्रा पुढे केला. कासवभाऊंनी तो नखानं खरवडला आणि हुंगला.

"कवचाची पूड मेणात कालवून लिंपायचं," ते म्हणाले. "जुनी तडकलेली अंडी तुम्ही अशीच दुरुस्त करता ना?"

"हो."

"या इमारतीत हे कुणाकुणाला येतं?"

तिनं पापुद्रा परत रुमालात गुंडाळला.

"दोघांना येतं," कासवभाऊंनीच सांगितलं. "तुम्हाला आणि सरांना. आणि सर तर स्वतः पडून पाय मोडून घेऊन बसलेत." त्यांनी तुकडा तिच्या हातात परत ठेवला. "मी कुणाजवळ ब्रसुद्धा काढणार नाही. पण बाई, हा तुकडा समितीपुढे नेऊ नका. हा तुमच्याच गळ्याशी येईल."

४

घरी सासूबाई अजून फुरंगटलेल्या होत्या.

"माझा नंबर होता," त्यांनी भाजी निवडता निवडता सातव्यांदा सांगितलं. "वर्षभर मी वजन सांभाळून असते. आणि हा बाप्या मध्येच येतो."

"आई, बरं झालं ना ते आले. तुम्ही पडला असता तर?"

"तर लोक म्हणाले असते, सुनेनं सासूला पाडलं!" सासूबाई खळखळून हसल्या.

अंडेबाई हसली नाही. हसण्यासारखं यात काहीच नव्हतं. लिंपणाची कला तिला येत होती. अंड्यांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे होती. आणि त्या फळीवर चढणार होती तिची सासू! सून सासूला पाडायला निघाली होती, यावर विश्वास बसायला लोकांना कितीसा वेळ लागतो? सर मध्ये आले म्हणून म्हातारी वाचली असंच सगळे म्हणणार, आणि सर आणखी मोठे होणार. गोदाम दूरच राहिलं, उद्या पोलीसही दारात उभे राहतील.

तिनं सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. म्हातारीचे हात भाजीवरच थांबले.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तू मला पाडणार असतीस, तर जिन्यावरून पाडलं असतंस. एवढी मेहनत कोण करतं? आता नीट आठव. सकाळी दिव्यानं बघितलंस तेव्हा अंडं धडधाकट होतं. मग तू कुठं गेलीस?"

"तुम्हाला आणायला आले. सरच म्हणाले, जा, आजींना घेऊन ये, गर्दीत त्यांना एकटं येऊ देऊ नकोस. मी बसतो इथं."

"म्हणजे अंड्यांजवळ कोण बसलं होतं?"

"आई, काहीतरीच काय!"

"मी कुठं काय म्हणतेय? मी नुसतं विचारतेय." पण सासूबाईंच्या जिभेला कधीच लगाम नव्हता. "मला बाजूला केलं ना त्यानं, तेव्हा माझा हात धरला होता. बर्फासारखा गार होता हात. घामानं ओला. गंमत म्हणून फळीवर चढणाऱ्या माणसाचा हात असा असतो का गं?"

अंडेबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न होऊन आल्यापासून ती पहिल्यांदा सासूबाईंवर ओरडली. "ते माझे सर आहेत! त्यांच्याबद्दल या घरात एक अक्षर बोलायचं नाही!"

सासूबाई खरंच एक अक्षर बोलल्या नाहीत. असं सहसा होत नसे, त्यामुळे त्या शांततेनंच अंडेबाईला झोप लागू दिली नाही.

५

राहिला होता मिस्त्री. फळी त्याची, वाट्या त्याच्या. फळी एका बाजूला जड झाली असेल, वाटी हलली असेल, काहीतरी असेल. अंडेबाई देवाला विनवल्यासारखी मनातल्या मनात म्हणत होती, मिस्त्रीचंच चुकलेलं असू दे.

मिस्त्री रंधा मारत होता. प्रश्न ऐकून त्यानं रंधा खाली ठेवला आणि फळी काढून तिच्यापुढे आडवी टाकली. "बघा मॅडम. पाणसळ लावून बघा. वाट्या अजून जागेवर घट्ट आहेत. माझ्या कामात खोट काढा आणि मी हत्यारं विकून टाकतो."

खोट नव्हती. फळी सरळ होती. अंडेबाई उठली.

"आणि मॅडम, राग मानू नका," मिस्त्री म्हणाला, "पण एकदा तुम्ही म्हणायचं वाट्यांभोवती काही ठेवायचं नाही, लोकांना अंडी स्वच्छ दिसली पाहिजेत. आणि यंदा अचानक गादी टाकायला सांगता."

"कसली गादी?"

"सतरंजीखाली गादी टाकायला लावली ना तुम्ही. खिडकीच्या बाजूला. मी म्हटलं, टाकायची तर चारी बाजूंनी टाकू, बरी दिसेल. तर नाही, फक्त खिडकीकडेच. म्हातारं माणूस चढणार, पडलं तर लागू नये म्हणून. आता मला सांगा, म्हातारं माणूस काय ठरवून खिडकीकडेच पडणार आहे?"

अंडेबाई परत ओंडक्यावर बसली. अंड्यांच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या होत्या. पहिलं दाराकडे, दुसरं भिंतीकडे आणि तिसरं खिडकीकडे. कुठल्या बाजूला पडायचं आहे हे ज्याला आधी ठाऊक होतं, त्यानंच तिथं गादी घातली होती.

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली.

"तुम्ही नाही हो, पण तुमचाच निरोप होता ना. सकाळी येऊन सांगितलं मला, बाईंनी गादी टाकायला सांगितलीय म्हणून."

"कुणी येऊन सांगितलं?"

मिस्त्रीनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "सरांनी."

६

तरीही तिचं मन मानायला तयार नव्हतं. माणूस किती वेडा असतो बघा. सरांच्या घराकडे जाताना रस्ताभर ती त्यांच्याच बाजूनं भांडत होती. सरांना काळजी वाटली असेल. सर म्हणाले असतील, मिस्त्री आपलं ऐकणार नाही, बाईचं नाव सांगू. सर एका वाक्यात सगळं उलगडून दाखवतील आणि आपण त्यांच्या पाया पडू. सासूबाई मुकाट शेजारी चालत होत्या. आजाऱ्याला भेटायला मोकळ्या हातानं जाऊ नये म्हणून त्यांनी सफरचंदं घेतली होती.

सर आरामखुर्चीत होते. प्लास्टरचा पाय स्टुलावर. काकूंनी चहा आणून दिला आणि त्या आत गेल्या.

"ये पोरी," सर म्हणाले. "काळजी करू नकोस. सोमवारी सरळ सांगून टाक, नजरचूक झाली. मी कार्यवाहांना फोन केलाय, तिला काढायचं नाही म्हणून."

"मला काढायचा विषय निघालाय?"

"निघाला नाही. पण निघू शकतो ना. म्हणून आधीच सांगून ठेवलं."

अंडेबाईनं पिशवीतून डबा काढला. कसं विचारायचं ते तिला कळत नव्हतं. सरांना उलट प्रश्न विचारायची तिला सवय नव्हती. म्हणून तिनं कामाचंच बोलायला सुरुवात केली, जशी ती नेहमी करायची.

"तुकडे आणलेत, सर. फार वाळू चिकटली होती. मग मी ते कोमट पाण्यातून धुऊन घेतले."

"कोमट पाण्यातून?" सरांच्या कपाळाला आठी पडली. "अगं, किती वेळा सांगितलंय तुला! लिंपलेलं अंडं कोमट पाण्यात घालायचं नाही, मेण सुटतं. एवढी वर्षं झाली, अजून तुला..."

ते थांबले.

"हे अंडं लिंपलेलं नव्हतं, सर," अंडेबाई म्हणाली. "तिन्ही अंडी कोरी होती. सकाळी दिव्यात बघितली मी. तिसऱ्या अंड्यावर मेण आहे, हे मला काल तुकडा धुताना कळलं."

सासूबाईंनी चहाचा कप बशीत ठेवला. "मीही ऐकलं हो," त्या म्हणाल्या.

सरांनी डोळे मिटले. मघाचा रागावलेला मास्तर कुठल्या कुठे गेला आणि खुर्चीत एक थकलेला, जाडजूड म्हातारा उरला.

"एवढ्या जोरात फुटेल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

"का, सर?"

"समितीनं माझ्या जागी तुझं नाव ठरवलंय. तुला अजून सांगितलेलं नाही. मीच सुचवलं होतं गं!" त्यांनी डोळे उघडले. त्यांत पाणी होतं. "रीत म्हणून सुचवलं. वाटलं, म्हणतील, छे छे, सर, तुम्हीच राहा आणखी दोन वर्षं. कुणी म्हणालंच नाही. लगेच हो म्हणून मोकळे झाले. माझा चहा संपायच्या आत विषय संपला. मी घरी बसून काय करू, सांग ना? ही चूक झाली असती, तर त्यांना वाटलं असतं की तू अजून तयार नाहीस. मला थांबायला सांगितलं असतं. तुझी नोकरी मी जाऊ दिली नसती. मग पुढे सगळं तुझंच होतं."

"तुम्ही माझ्या नावानं गादी टाकलीत."

"आजींना चढू दिलं नाही मी, एवढं तरी लक्षात घे."

"तिथंच सगळं लक्षात आलं, सर," ती म्हणाली. "फक्त मला ते मानायचं नव्हतं. काल मी माझ्या आईसारख्या सासूवर ओरडले तुमच्यासाठी. आणि स्ट्रेचरवर तुम्ही मला लेक म्हणालात, तेव्हा मला वाटलं, बघा, एवढ्या वेदनेतही माझी काळजी करतायत! तुम्ही मला ओरडला असता, मारलं असतं, माझ्या तोंडावर म्हणाला असता की मला खुर्ची सोडवत नाही, तर मी ती तुमच्याकडेच ठेवली असती. मला खुर्ची कधी हवी होती?"

सर पुढे वाकले. "मग ऐक. अजून वेळ गेलेली नाही. सांग, अंडं जुनं होतं. कवचातच दोष होता, दिव्यात दिसला नाही. असं होतं कधीकधी. तू सुटलीस आणि मीही सुटलो. तुकडा इथं ठेवून जा."

त्यांनी हात पुढे केला. याच हातानं त्यांनी तिला पहिलं अंडं धरायला शिकवलं होतं.

अंडेबाईनं डब्याचं झाकण लावलं. "अंड्यात दोष नव्हता," ती म्हणाली आणि उठली.

सासूबाई तिच्यामागून निघाल्या. दारातून त्या परत फिरल्या, टेबलावरची सफरचंदं उचलली आणि पिशवीत टाकून घेऊन आल्या.

७

सोमवारी समितीपुढे अंडेबाई बोलली ती न थांबता बोलली. आतून बसलेला घाव तिनं दाखवला, बाहेरचा टवका दाखवला, मेणाचा पापुद्रा दाखवला. मिस्त्रीनं गादीचं सांगितलं. कासवभाऊ न बोलावता आले होते. त्यांनी तुकडा हातोहात फिरवला आणि घाव कुठल्या बाजूनं बसलाय हे प्रत्येकाला बोट लावून बघायला लावलं.

"पण मेण तुम्हालाही येतं लिंपायला," समितीतला एकजण म्हणाला. "सर ते वाक्य बोलले, याला साक्षीदार कोण?"

"माझ्या सासूबाई."

कुणीतरी हसलं. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठल्या. "हसू नका," त्या म्हणाल्या. "सुनेची बाजू घ्यायची मला काही हौस नाही. घरी हिची एक चूक मी सोडत नाही, विचारा हिला. खोटंच बोलायचं असतं, तर हिच्याविरुद्ध बोलले असते." आणि त्यांनी सरांचं वाक्य कोमट पाण्यासकट जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पुन्हा कुणी हसलं नाही.

कार्यवाहांनी तिथूनच सरांना फोन लावला आणि खिडकीपाशी जाऊन बोलले. बोलणं फार वेळ चाललं नाही. परत येऊन त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

"ते नाही म्हणाले नाहीत," त्यांनी सांगितलं.

दालन बंद होणार नव्हतं. गोदामाचा विषय संपला. समितीनं आधी ठरवलेलं नावही कायम राहिलं आणि दोघातिघांनी अंडेबाईचं अभिनंदन केलं. तिनं मान हलवली. पाठीला कुणीतरी थोपटलं, ते कोण हेही तिनं पाहिलं नाही.

"आता एवढं एकच उरलं," कार्यवाह कागद पुढे ओढून म्हणाले. "तक्रार तुमची आहे, तेव्हा तुमच्या तोंडून स्पष्ट येऊ द्या. अंड्याला घाव कुणी घातला?"

"सरांनी."

"असं नाही. नाव सांगा. पूर्ण नाव."

अंडेबाईनं तोंड उघडलं. नाव तिला माहीत होतं. ते संग्रहालयाच्या दारावर होतं, तिच्या प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर होतं. पण एवढ्या वर्षांत तिनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं, त्यांच्यासमोर नाही आणि त्यांच्या माघारीही नाही. आता ते तिच्या जिभेवर येईना.

"सरांनी," ती पुन्हा म्हणाली आणि टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली.

कार्यवाहांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग नाव त्यांनी स्वतःच लिहून टाकलं.